बुश्टनचा पाद्री आणि भिंतीवरची ब्रिटिश मूल्यं

स्विंडनहून गाडी काढली की वीस-पंचवीस मिनिटांत बुश्टन येतं. विल्टशरमधलं लहानसं खेडं, मुद्दाम उतरून बघावं असं तिथे काही नाही. १५४९च्या सुमारास थॉमस स्टीफन्स इथे जन्मला. शाळेत मराठी शिकलेल्यांना तो फादर स्टीफन्स म्हणून माहीत असतो. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारा, रत्नांमध्ये हिरा तशी भाषांमध्ये मराठी असं म्हणणारा. अकरा हजारांच्या आसपास ओव्या रचणाऱ्या या इंग्रजाने इंग्लंड का सोडलं, हे मात्र आम्हाला परीक्षेत कुणी कधी विचारलं नाही. तो कॅथलिक होता, आणि पहिल्या एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक म्हणून जगणं दिवसेंदिवस धोक्याचं होत चाललं होतं. तो रोमला गेला, जेझुइट झाला, आणि २४ ऑक्टोबर १५७९ला गोव्यात उतरला. परत मायदेशी गेला नाही. १६१९ साली तिकडेच वारला.

आज त्याच्या गावाजवळच्या स्विंडनमध्ये गोव्याहून आलेली हजारो माणसं राहतात. पणजोबा-आजोबा पोर्तुगीज राज्यात जन्मले, म्हणून पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला आणि त्या पासपोर्टवर इंग्लंड. इथल्या चर्चमध्ये कोकणीतून मिस्सा होते. मुलं कॅथलिक शाळांत जातात. या शाळा आपल्याकडच्या अनुदानित शाळांसारख्या असतात: पगार सरकारचा, इमारत आणि जमीन बहुधा चर्चची, धार्मिक शिक्षण चर्चच्या हातात. इंग्लंड-वेल्समध्ये अशा दोन हजारांवर शाळा आहेत, म्हणजे साधारण दहातली एक.

माझी मुलगीही अशाच एका शाळेत जाते. आम्ही कॅथलिक नाही. शाळा घराजवळ होती, तिच्यात जागा होती, आणि दादरला राहणाऱ्या माझ्या आईच्या मते कॉन्व्हेंट म्हणजे शिस्त. (इथलेही बरेच गोरे पालक याच हिशेबाने चालतात. मुंबईत डोनेशन, लंडनात बाप्तिस्मा. चांगल्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पोराचा चार-पाच वर्षं रेंगाळलेला बाप्तिस्मा घाईघाईने उरकणारे आईबाप हा इथला जुना विनोदाचा विषय आहे.) शाळेच्या दारातून आत गेलं की एका बाजूला मेरीची मूर्ती आहे आणि दुसऱ्या बाजूला युनियन जॅकच्या रंगांतला एक फलक: आमची ब्रिटिश मूल्यं. लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, परस्परांबद्दल आदर आणि वेगळ्या श्रद्धा असणाऱ्यांबाबत सहिष्णुता. ही मूल्यं चार की पाच यावर शाळाशाळांत एकमत नाही. शेवटची दोन कुणी जोडून मोजतं, कुणी सुटी.

त्या फलकाखालून रोज जाताना मला फादर स्टीफन्स आठवतो. ज्या देशात आपला धर्म पाळणं धोक्याचं होतं म्हणून तो निघाला, त्याच देशाची सहिष्णुता आता त्याच्या धर्माच्या शाळेत ‘ब्रिटिश’ म्हणून टांगलेली आहे, आणि खालून जाणाऱ्या निम्म्या पोरांचे पूर्वज, तो जिथे गेला त्या गोव्यातल्या साष्टी-बार्देशातले. या मुलांना ही मूल्यं शिकवावीत की नाही, हा वाद मला निरर्थक वाटतो. शिकवावीतच. पण कॅथलिक शाळेला ती प्रामाणिकपणे शिकवायची तर एकच वाट आहे. ब्रिटनने ती कधी आणि कुणाला नाकारली ते सांगायचं, चर्चने ती कधी आणि कुणाला नाकारली तेही सांगायचं, आणि दोन्ही एकाच तासाला सांगायचं. सध्या सरकार पहिली गोष्ट टाळतं, शाळा दुसरी टाळतात, आणि मधल्या रिकाम्या जागेवर फलक लागतो.

ही यादी मुळात शिक्षणखात्यात जन्मली नाही. ती आली गृहखात्यातून. २०११ साली सरकारने ‘प्रिव्हेंट’ हे दहशतवादविरोधी धोरण नव्याने मांडलं. त्यात अतिरेकी विचार म्हणजे काय याची व्याख्या हवी होती. ती अशी केली गेली की मूलभूत ब्रिटिश मूल्यांना उघड किंवा सक्रिय विरोध करणं म्हणजे अतिरेक; आणि मग ओघाने ती मूल्यं कोणती हे सांगावं लागलं. रोगाचं वर्णन करताना आरोग्याची व्याख्या करावी तसं ते झालं. पुढच्या वर्षी शिक्षकांच्या आचारनियमांत वाक्य आलं की शिक्षकांनी या मूल्यांना धक्का लावू नये. इथवर कुणाची फारशी तक्रार नव्हती.

मग २०१४ साली बर्मिंगहॅमचं प्रकरण झालं. शहरातल्या काही शाळा कट्टर मुस्लिम मंडळी ताब्यात घेत आहेत असं सांगणारं एक निनावी पत्र फुटलं. ‘ट्रोजन हॉर्स’ या नावाने ते गाजलं. पत्र बनावट असावं असं बहुतेकांचं मत आहे, पण चौकशीत काही शाळांमध्ये खरोखरच असहिष्णू वातावरण असल्याचा निष्कर्ष निघाला. आणि पुढे २०१७मध्ये ज्येष्ठ शिक्षकांवरची शिस्तभंगाची मुख्य प्रकरणं सरकारी बाजूच्याच गैरवर्तनामुळे कोसळली. एकूण काय, धूर खरा, आग किती ते कुणाला नीट मोजता आलं नाही. तेव्हाचे शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी मात्र थांबायचं नाही असं ठरवलं होतं. जून २०१४मध्ये त्यांनी जाहीर केलं की यापुढे सगळ्या शाळांनी ब्रिटिश मूल्यांचा सक्रिय प्रसार करायचा. नोव्हेंबरात शाळांसाठी सूचना निघाल्या. शाळांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेड या सरकारी संस्थेचे निरीक्षक येऊन ते तपासू लागले.

‘धक्का लावू नका’ आणि ‘सक्रिय प्रसार करा’ या दोहोंत पुष्कळ अंतर आहे. पहिलं बंधन पाळलं गेलं की दिसत नाही. दुसरं पाळल्याचा पुरावा द्यावा लागतो. आणि शाळेला पुरावा मागितला की शाळा काय करते हे आपल्याला सांगायला नको; आपल्याकडचे तपासणीच्या आदल्या दिवशीचे रंगवलेले फळे आठवा. आणखी एक गंमत अशी की ही सक्ती इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये शिक्षण त्यांच्या त्यांच्या सरकारांकडे आहे, तिथे हा नियम नाही. ब्रिटिश मूल्यांचा प्रसार करण्याची सक्ती सगळ्या ब्रिटनवर नाहीच.

त्याच शरद ऋतूत सफकमधल्या बेरी सेंट एडमंड्स गावच्या एका कॅथलिक शाळेवर ऑफस्टेडचा अहवाल आला. लहान वर्गातल्या मुलांना अतिरेकी विचारांच्या धोक्याची पुरेशी जाणीव नाही, असा त्यात ठपका होता. इतका आरडाओरडा झाला की अहवाल मागे घेतला गेला आणि पुन्हा तपासून दुरुस्त करावा लागला. आता या गावाची कहाणी बघा. १२१४ साली इंग्लंडचे सरदार इथल्या मठात जमले आणि राजा जॉनला सनद द्यायला भाग पाडू अशी त्यांनी वेदीसमोर शपथ घेतली, अशी परंपरेने चालत आलेली हकिकत आहे. पुढच्या वर्षी मॅग्ना कार्टा झाला. गावाच्या बोधवाक्यात ते स्वतःला कायद्याचा पाळणा म्हणवतं. तो मठ १५३९मध्ये आठव्या हेन्रीने मोडीत काढला. भग्न भिंती आज बागेत उभ्या आहेत. म्हणजे ‘कायद्याचं राज्य’ शिकवायला त्या शाळेला गावाबाहेर जायची गरज नव्हती. मुलांना रांगेने बागेत नेलं असतं तरी भागलं असतं: इथे राजाला कायद्याखाली आणायची शपथ घेतली गेली आणि इथेच एका राजाने कायदा करून शपथेची जागा पाडली.

आणि मॅग्ना कार्टाचं दुसरं टोक कॅथलिक शिक्षकांनीही लपवू नये. सनदेचं पहिलं कलम इंग्लंडच्या चर्चच्या स्वातंत्र्याचं आहे. ती घडवून आणण्यात कँटरबरीचा आर्चबिशप स्टीफन लँग्टन पुढे होता. आणि तिची शाई पुरती वाळली नव्हती तोच, ऑगस्ट १२१५मध्ये, पोप तिसऱ्या इनोसंटने ती रद्दबातल ठरवली. सनद मिळवणारा चर्चचा माणूस आणि सनद फेटाळणाराही चर्चचाच. एवढी चांगली गोष्ट हाताशी असताना शाळा मुलांना वर्गप्रतिनिधीची निवडणूक घेऊन लोकशाही शिकवतात.

बेरीच्या प्रकरणावरचा राग मला समजतो, पण त्यातला एक सूर मला अजून शाळेच्या फाटकाशी ऐकू येतो आणि तो मला पटत नाही. सूर असा: नियम ‘त्यांच्या’साठी होता, आम्हाला कशाला? नियम सगळ्यांना सारखा लागला ही त्यातली सर्वात बरी गोष्ट आहे. आणि हे बोलणाऱ्या कॅथलिक माणसाने निदान आपल्या पणजोबाला विचारावं. कारण या देशात तीनशे वर्षं ‘ते’ म्हणजे कॅथलिकच होते.

१६८९मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने सहिष्णुतेची जी मांडणी केली तिच्यावर युरोपातला पुढचा सगळा विचार उभा आहे. तिच्यात त्याने दोघांना वगळलं: नास्तिकांना, आणि परक्या सत्ताधीशाशी निष्ठा बांधणाऱ्यांना. दुसरा उल्लेख कुणाचा हे त्या काळच्या इंग्रज वाचकाला सांगावं लागत नव्हतं. रोमशी निष्ठा असलेला माणूस लंडनशी प्रामाणिक कसा राहील? १८२९पर्यंत कॅथलिक माणूस संसदेत बसू शकत नव्हता. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची दारं सगळ्या धर्मपंथांना खऱ्या अर्थाने उघडली ती १८७१च्या कायद्याने. १९०२ साली चर्चच्या शाळांना स्थानिक करातून पैसे द्यायचं ठरलं तेव्हा ‘आमच्या करावर रोम पोसणार का?’ अशी घोषणाच होती. आणि आजही, १७०१च्या कायद्यानुसार, कॅथलिक व्यक्ती या देशाच्या गादीवर बसू शकत नाही. राजाने कॅथलिक व्यक्तीशी लग्न करायला हरकत नाही, ही सवलत मिळाली ती २०१५ साली. लॉर्ड्सच्या सभागृहात चर्च ऑफ इंग्लंडचे सव्वीस बिशप निवडणुकीशिवाय बसतात, तेही आहेच. मुलीने यातलं एखादं ‘लोकशाही’ नाहीतर ‘व्यक्तिस्वातंत्र्य’ या खणाखाली विचारलं तर मिस काय उत्तर देतील याची मला उत्सुकता आहे.

म्हणून मला ‘ब्रिटिश’ हे विशेषण खटकतं. मूल्यं चांगली आहेत. पण ती ब्रिटिश मातीतून आपोआप उगवली, बाहेरून आलेल्यांनी फक्त आत्मसात करायची, असा त्या शब्दाचा रोख होतो. खरी हकिकत वेगळी आहे. ती मूल्यं ब्रिटनकडून मिळवावी लागली, आणि मिळवणाऱ्यांत ज्यांना पुरेसे ब्रिटिश मानलं जात नव्हतं असे लोक बरेच होते. कॅथलिक, ज्यू, मतदानाचा हक्क मागणाऱ्या बायका. दाभोळकरवाडीतून आलेल्या माझ्यासारखीला तर या यादीत वसाहतींची आठवण होणं अपरिहार्य आहे. पण ती कथा इथे आणली तर लेख भलतीकडे जाईल.

कॅथलिक शाळांनी सरकारी सूचनेवर शोधलेला तोडगा असा की ही तर आमचीच मूल्यं आहेत. एक तक्ता करतात. डाव्या बाजूला ब्रिटिश मूल्य, उजव्या बाजूला शुभवर्तमानातलं वचन. सहिष्णुता: चांगल्या शमरोनी माणसाचा दाखला. कायद्याचं राज्य: कैसराचं ते कैसराला. निरीक्षक खूष, बिशप खूष. मला हा तक्ता फलकापेक्षाही वाईट वाटतो. फलक निदान गप्प असतो. तक्ता इतिहास पुसतो. १८६४ साली नवव्या पायस पोपने काळाच्या चुका म्हणून जी यादी काढली तिच्यात धर्मस्वातंत्र्याची कल्पनाही होती. माणसाला धर्माच्या बाबतीत जबरदस्तीपासून मोकळीक हवी, हे कॅथलिक चर्चने अधिकृतपणे मान्य केलं ७ डिसेंबर १९६५ला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या शेवटाला. माझी आई त्या वर्षी दहावीत होती. दोन हजार वर्षांचं शुभवर्तमान हाताशी असूनही तिथवर यायला १९६५ उजाडलं, हे मुलांना सांगण्यात लाज नाही. न सांगण्यात आहे.

आणि आपल्या फादर स्टीफन्सचं काय? तो गोव्यात उतरला तेव्हा तिथे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडी ठरवून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, सुरू होऊन एकोणीस वर्षं झाली होती. ज्या साष्टीत त्याने आयुष्य घालवलं तिथली देवळं पाडली जाऊन एक तपच उलटलं होतं. लंडनमध्ये त्याच्या पंथाच्या माणसांवर जे होत होतं तेच गोव्यात त्याच्या पंथाची सत्ता इतरांवर करत होती. त्याने हिंसा केली असं मी म्हणत नाही. पुराणाच्या घाटात, ओवीत, इथल्या लोकांच्या भाषेत ख्रिस्ताची कथा सांगणं हे तलवारीपेक्षा फार वेगळं काम आहे, आणि त्याबद्दल मराठीने त्याचं ऋण मानलं तर योग्यच आहे. पण ते पुराण तलवारीच्या सावलीत लिहिलं गेलं, हेही तितकंच खरं. छळ सोसलेली माणसं सत्तेत गेली की सहिष्णू होतात, हा समज त्याच्या एका आयुष्यात खोटा ठरतो. स्विंडनच्या वर्गात बसलेल्या गोवेकर मुलांच्या घराण्यांत ही दोन्ही टोकं आहेत. मडगावची माझी शेजारीण एकदा सहज म्हणाली, आमचं मूळ आडनाव काय होतं ते आजीला ठाऊक होतं, आम्हाला नाही. ती रोज मिस्सेला जाते, श्रद्धा तिची पक्की आहे. दोन्ही गोष्टी ती एका सुरात सांगते. इतकं तर शाळेलाही जमायला हवं.

सरकारी सूचनांत एक वाक्य मला खरोखर महत्त्वाचं वाटतं. शाळेत धर्मशास्त्राचा कायदा शिकवत असाल तर देशाच्या कायद्याशी त्याचं नातं काय हे काळजीपूर्वक उलगडा, असं ते सांगतं. ते लिहिताना कुणाच्या डोळ्यांसमोर शरियत होती हे उघड आहे. पण या प्रश्नावर कॅथलिक शाळेकडे जितकी सामग्री आहे तितकी या देशात दुसऱ्या कुणाकडे नसेल. १५३५च्या उन्हाळ्यात दोन माणसांची मुंडकी उडवली गेली: रॉचेस्टरचा बिशप जॉन फिशर आणि माजी लॉर्ड चॅन्सेलर थॉमस मोर. राजा हाच चर्चचा प्रमुख, अशी शपथ त्यांनी घेतली नाही. कायदा संसदेने केलेला होता, रीतसर होता. मोर तर त्या देशातला पहिल्या दर्जाचा कायदेपंडित. त्याने कायदा मोडून काढा असं म्हटलं नाही, बंड केलं नाही. तो गप्प राहिला आणि त्या गप्प राहण्याची किंमत मोजली. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्याचा खटला चालला. २०१०च्या सप्टेंबरात सोळावे बेनेडिक्ट पोप त्याच हॉलमध्ये ब्रिटिश खासदारांसमोर बोलले तेव्हा त्यांनी त्या खटल्याची आठवण काढली, आणि समोर माजी पंतप्रधानांची रांग बसली होती.

दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हे कळतं. संसदेने केलेला कायदा चुकीचा असू शकतो का? तो पाळायचा की नाही? न पाळणारा माणूस अतिरेकी का? २०११ची व्याख्या मोरला लावली तर तो कुठे बसतो? यातल्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर फलकावर नाही. पण याच तासाला हेही सांगायचं की हाच मोर चॅन्सेलर असताना प्रोटेस्टंट विचारांची माणसं पाखंडी ठरवून जाळली गेली आणि त्याला ते योग्य वाटत होतं. स्वतःच्या विवेकासाठी मान देणाऱ्याला दुसऱ्याच्या विवेकाची किंमत कळली नव्हती. संतपद मिळालेल्या माणसाबद्दल हे बोलायला कॅथलिक शिक्षकाला जड जाईल. जाऊ दे.

तीन-साडेतीनशे वर्षांनी हाच वाद पुन्हा आला. १८७४ साली माजी पंतप्रधान ग्लॅडस्टनने पत्रक काढून विचारलं की पोप अचूक आहे असं मानणाऱ्या कॅथलिकांच्या राजनिष्ठेवर विश्वास कसा ठेवायचा. आज मुसलमानांना विचारला जातो तोच प्रश्न, तोच सूर, फक्त टोपी वेगळी. उत्तर दिलं जॉन हेन्री न्यूमनने. तो अँग्लिकन पाद्री होता, कॅथलिक झाला आणि २०१९मध्ये संत ठरला. जेवणानंतर पेला उंचावायचाच असेल तर आधी सदसद्विवेकबुद्धीच्या नावाने आणि मग पोपच्या, असा त्याच्या उत्तरातला प्रसिद्ध भाग आहे. गंमत म्हणजे ‘व्यक्तिस्वातंत्र्य’ या ब्रिटिश मूल्यावरचा हा एका इंग्रज कॅथलिकाचा उत्तम पाठ आहे आणि तो कुठल्याही तक्त्याच्या उजव्या खणात मला दिसलेला नाही.

इतकं म्हटल्यावर अवघड प्रसंग टाळता येणार नाही. दक्षिण लंडनमध्ये जॉन फिशर याच्याच नावाची एक कॅथलिक शाळा आहे. २०२२च्या मार्चमध्ये तिथे किशोरांसाठी लिहिणारा एक लेखक मुलांशी बोलायला येणार होता. लेखक समलिंगी, त्याच्या पुस्तकांतली पात्रंही समलिंगी. आर्चडायोसीसने, म्हणजे आर्चबिशपच्या हाताखालच्या चर्चच्या कारभाराने, भेट रद्द करायला सांगितलं. शाळेच्या गव्हर्नर मंडळाला ते मान्य नव्हतं, तेव्हा चर्चने नेमलेल्या गव्हर्नरांना काढून टाकण्यात आलं. पुढे शिक्षकांनी संपही केला.

आर्चडायोसीसची बाजू मी समजू शकते, तिची मांडणी अशी: आमची शिकवण तुम्हाला आवडो न आवडो, ती शिकवण्याची मोकळीक हीदेखील तुमच्याच सहिष्णुतेत येते, आमच्या घरात कुणाला बोलवायचं ते आम्ही ठरवू. शाळा निव्वळ चर्चच्या पैशावर चालत असती तर यात थोडाफार दम होता. तसं नाही. पगार सगळ्यांच्या करातून जातात, त्या लेखकाच्याही. आणि त्याहून मोठी गोष्ट, ती शाळा पोपचं किंवा सरकारचं घर नाही, ती त्या मुलांची आहे, ज्यांच्यातली काही स्वतः समलिंगी असणार. चर्चने आपली लग्नाची कल्पना शिकवावी. निःसंदिग्धपणे शिकवावी. ती शिकवू नये म्हणून उद्या सरकारने नियम केला तर मी चर्चच्या बाजूने उभी राहीन, माझं मत त्या शिकवणीच्या विरुद्ध असूनही. पण जगात दुसऱ्या तऱ्हेची माणसं आहेत, ती पुस्तकं लिहितात, ती शहाणी आणि विनोदी असू शकतात, हे मुलांपासून दडवण्याचा हक्क शिकवण्याच्या हक्कात बसत नाही. आपली बाजू मांडणं आणि दुसरी बाजू ऐकूच येऊ न देणं यांतली रेघ कधी पुसट असते. इथे ती चांगली ठसठशीत होती. जॉन फिशरला बोलू दिलं नाही म्हणून त्याचं नाव शाळेला दिलं गेलं, एवढं तरी कुणाच्या ध्यानात यायला हवं होतं.

आपल्याकडे काय वेगळं आहे? महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२०पासून शाळांमध्ये रोज संविधानाची उद्देशिका वाचली जाते. त्याआधीपासून प्रतिज्ञा आहेच. पाठांतराने मूल्य रुजत नाही, हा आक्षेप तिथेही खरा आहे. सगळे भारतीय माझे बांधव आहेत असं रोज म्हणणाऱ्या वर्गात जातीवरून चिडवणारी पोरं मी पाहिली आहेत. पण उद्देशिका आणि हा फलक शेजारी ठेवून वाचले तर दोन गोष्टी लगेच डोळ्यांत भरतात. इथल्या यादीत समता नाही. आणि जिथे आपण बंधुता म्हणतो तिथे हे सहिष्णुता म्हणतात. सहिष्णुतेच्या मुळाशी सहन करणं आहे. शेजारी सहन करायचा असतो, भाऊ नाही. निदान रोज तसं बोलून दाखवायचं नसतं. माझ्या मुलीला ‘सहन’ करणारी शाळा मला नको आहे. आणि खरं सांगायचं तर ती शाळा तसं करतही नाही. दिवाळीला हेडटीचरने मुलीकडून पणती कशी लावायची ते सगळ्यांसमोर शिकून घेतलं, पहिल्यांदा तेल सांडलं, दुसऱ्यांदा जमलं. फलकावरच्या शब्दापेक्षा शाळा बरी आहे, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे.

संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ला मसुदा मांडताना बाबासाहेब आंबेडकर संवैधानिक नीतीबद्दल बोलले होते. ती माणसात आपसूक नसते, मशागत करून रुजवावी लागते, आणि आपल्या लोकांनी ती अजून शिकायची आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ती कल्पना त्यांनी घेतली ती ग्रोट या इंग्रज इतिहासकाराकडून, आणि ग्रोट लिहीत होता अथेन्सबद्दल. ग्रीसची गोष्ट इंग्रजाने सांगितली आणि महूला जन्मलेल्या माणसाने ती दिल्लीत वापरली. कुणाला तिला ब्रिटिश म्हणावंसं वाटलं नाही, भारतीय म्हणावंसंही नाही. बाबासाहेबांच्या त्या बोलण्यात ‘आपण अजून शिकायचं आहे’ हा भाव होता. लंडनच्या यादीत ‘आम्हाला येतं, तुम्ही शिका’ असा आहे. माझी खरी तक्रार या स्वराबद्दल आहे.

ससेक्समधल्या लुइस गावी ५ नोव्हेंबरला जी होळी पेटते ती मी एकदा मुलीला घेऊन बघितली. १६०५ साली काही कॅथलिकांनी संसद उडवून द्यायचा कट केला आणि गाय फॉक्स पकडला गेला, त्याची ही वार्षिक आठवण. सगळ्या देशात असते, पण लुइसची निराळी. कॅथलिक मेरी राणीच्या काळात, १५५५ ते १५५७ या वर्षांत, तिथे सतरा प्रोटेस्टंटांना जाळलं होतं. त्यांच्यासाठी सतरा जळते क्रूस घेऊन मिरवणूक निघते. एका मंडळाच्या वाटेवर ‘पोपशाही नको’ असा फलक अजून लागतो, आणि पाचव्या पॉल पोपचा पुतळा उडवतात. धूर, नगारे, डोळ्यांत राख. आमच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाने पोरगं खांद्यावर घेतलं होतं आणि त्याच्या गळ्यात रोझरी होती. तो हसत होता. मुलगी मात्र हसत नव्हती. तिने शाळेतल्या भिंतीवर पोपचा फोटो पाहिलेला होता.

त्या आठवड्यात तिने वर्गात सांगून टाकलं की आम्ही पोपला जाळताना बघितलं. मला वाटलं, आता शाळेतून फोन येणार. फोन आला नाही. तिच्याच तोंडून नंतर कळलं ते असं: वर्ग एकदम शांत झाला, मग मागच्या बाकावरच्या एका गोवेकर मुलाने हात वर करून विचारलं, पण मिस, पोपने असं केलं काय होतं? आणि मिस म्हणाल्या, बरंच काही. वह्या मिटा, सांगते.